‘सातेरी’ची नाडी

निवेबंदरात मला सगळे वैदीण म्हणतात. सरकारी कागदावर मी ‘कवच तपासनीस, वर्ग तीन’ आहे, पण ते वाचायला कुणाला वेळ आहे? मी होड्यांची नाडी बघते, म्हणून वैदीण. लग्न जमत नव्हतं तेव्हा एका मावशीने मुलाकडच्यांना सरळ ‘मुलगी डॉक्टर आहे’ असं सांगून टाकलं होतं. ते लोक बघायला आले, मी हाताला ग्रीस माखलेली, आणि चहा न पिताच गेले. असो.

नाडी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

लाकडी होडी प्रामाणिक असायची. फळी सुटली की पाणी घ्यायची, किरकिरायची, मालकाला आधी सूचना द्यायची. फायबरची होडी तशी नाही. काचेच्या आणि कार्बनच्या कापडाचे थर राळेत भिजवून एकावर एक बसवतात, वाळले की झाली होडी. हलकी असते, कुजत नाही, दिसायला झक्क. पण तिला जोराचा दणका बसला की वरचा रंगसुद्धा उडत नाही आणि आतले थर मात्र सुटतात, पुठ्ठा भिजल्यावर सुटतो तसे. वर हात फिरवा, बोटाने वाजवा, काही समजत नाही. ती महिनोन्महिने गुमान चालते आणि एके दिवशी भर समुद्रात उघडते.

आमचे बाबा असेच गेले. चौघे होते, परत आला तो एकटा बाबल मालंडकर, डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून. त्याने सांगितलेलं बंदरात अजून सगळ्यांना तोंडपाठ आहे. फुटायच्या आधी होडी आतून टकटक करत होती. बाबांना वाटलं, खाली काहीतरी सुटं पडलंय. बघायला म्हणून ते खाली उतरले आणि तेवढ्यात कवच दुभंगलं.

तशा आणखी दोन होड्या गेल्यावर सरकारला जाग आली. आता होडी बांधतानाच थरांच्या मध्ये केसाइतकी बारीक काचेची तार घालतात, तीच नाडी, नाळेपासून वऱ्यापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, पोटातून आडवीतिडवी. तारेच्या एका टोकाकडून सेकंदाला हजारो वेळा प्रकाश सोडतात. काचेचा प्रत्येक कण त्यातला थोडा प्रकाश मागे फेकतो. होडी कुठे ताणली, दबली, थर सुटला, की तिथून परत येणारा प्रकाश बदलतो, आणि तो किती वेळाने परत आला यावरून जागा कळते, अगदी वितीच्या हिशोबात. सुकाणूच्या खोलीत एक डबा असतो. तो इजेचा आकडा काढतो, शून्य ते शंभर; आकडा फक्त तपासनिसाला कळतो, होडी चालवणाऱ्या तांडेलाला दिसतो तो नुसता दिवा. साठच्या वर गेला की लाल दिवा. लाल लागला की तांडेलाने जाळं असेल तर कापून टाकायचं आणि सरळ बंदर गाठायचं. त्यासाठी कुणी त्याला जाब विचारू शकत नाही, तसा कायदाच आहे. आणि कायद्यापेक्षा बंदराची रीत मोठी आहे. लाल दिव्यावर वाद घालणाऱ्या तांडेलाबरोबर दुसऱ्या दिवशी खलाशी जात नाहीत.

‘सातेरी’ माझ्या भावाची, नागेशदादाची. तिच्या डब्यात लाल दिव्याची मर्यादा मी साठावरून पस्तिसावर आणून ठेवली होती. कुणालाही न सांगता, दादालाही नाही. पासवर्ड माझ्याकडे, तपासणी माझी, शिक्का माझा, विचारणार कोण? माझा हिशोब सोपा होता. दादा चार वेळा उगाच परत आला तर आला, दोन टोपल्या मासळी कमी. पण बाबांसारखा तो जाता कामा नये. हे चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. आईच्या गेलेल्या कुंकवाकडे बघत मी मोठी झाले, मला चूकबिक शिकवू नका असं मी स्वतःलाच ऐकवलं आणि बटण दाबलं.

फेब्रुवारीत एकदा तो लाल लागला. सकाळची वेळ, दाट धुकं. दादा नऊच्या सुमाराला बंदरात आला तो तोंड पांढरं घेऊन. म्हणाला, ओंडका लागला नाळेला. मला आधी मी लावलेली पस्तिसाची मर्यादा आठवली. डब्यातली नोंद काढावी तर तिच्या कपाळावर मर्यादेचा आकडा छापून येतो आणि प्रत जाते थेट मुख्य कचेरीत. मी नोंद काढलीच नाही. “आतून दोन थर चढव, दिवा मी विझवतंय,” एवढंच म्हटलं. थर चढले. मी दिवा हिरवा केला, मर्यादा गुपचूप साठावर नेली आणि देवीला नारळ दिला.

त्याच दिवशी विलास कुबल गळ टाकून मासे गरवायला गेला तो परत आला नाही. एकट्याची लहान होडी. तीही सापडली नाही, तोही नाही. दुसऱ्या दिवसापासून बंदर शोधायला निघालं, त्यात दादा सगळ्यांच्या पुढे. ‘सातेरी’ दुरुस्तीला वाळूवर ओढलेली, म्हणून दुसऱ्याच्या ट्रॉलरवर चढून गेला. तीन दिवस घरी जेवला नाही. माणुसकीचा भाऊ आहे माझा, असं मी चारचौघांत म्हटलेलंही आठवतं.

जूनमध्ये मासेमारी बंदीच्या काळात सगळ्या होड्या वाळूवर येतात आणि वार्षिक तपासणी होते. यंदा मुख्य कचेरीने नवीन प्रणाली पाठवली होती. जुनी प्रणाली फक्त आकडे द्यायची. ही तारेतल्या थरथरीचा आवाज करून ऐकवते. होडीच्या अंगावर जे जे आपटलं, घासलं, हललं, ते सगळं कानात. लाल दिव्याच्या आधीची पाच आणि नंतरची दहा मिनिटं डबा आपल्याआप जपून ठेवतो, ती आजवर कुणी ऐकली नव्हती. वार्षिक तपासणीत ही नोंद चुकवता येत नाही. मी मनाची तयारी केली होती, पस्तिशी सापडेल, मेमो येईल, फार तर बदली होईल. दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत बसून हेडफोन लावला.

सहा वाजून बारा मिनिटं. इंजिनाची घरघर. मग दणका. नाळेच्या उजव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. इजेचा आकडा अडतीस. लाल. घरघर खाली आली, इंजिन मोकळं फिरू लागलं. पंप सुरू झाला, म्हणजे खलाशी खाली पाणी बघायला धावले. आणि मग, पंपाच्या आवाजातून, टक. टक. टक. थांबून पुन्हा तीन.

आधी मला बाबल आठवला. म्हणजे थर सुटतानाचा आवाज हाच? पण मी वैदीण आहे, तारेचं चित्र समोर होतं. थर सुटतो तेव्हा इजेचा आकडा वाढतो. आकडा अडतिसावर खिळलेला होता. शिवाय आवाज आतून नव्हता, बाहेरच्या थरावर होता, आणि तो सरकत होता. नाळेजवळून मागे, उजव्या अंगाने, हळूहळू. प्रत्येक ठोक्याच्या आजूबाजूला एक मऊ दाब. तळहाताचा.

साडेतीन मिनिटं. मग इंजिन पूर्ण जोरात.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेर कुणीतरी होडीला पॉलिश मारत होतं. मला एवढंच सुचलं की खोलीला आतून कडी घालावी, आणि ती घातलेलीच होती.

पडद्यावर खाली दोन बटणं होती. ‘अहवाल पाठवा’ आणि ‘गोंगाट म्हणून वगळा’. जुन्या नोंदींत खरोखरच गोंगाट असतो म्हणून ही सोय. वगळलं की नोंद कायमची जाते. मी कुठलंच बटण दाबलं नाही आणि दादाकडे गेले.

दादा अंगणात जाळं पसरून बसला होता. वहिनी माहेरी गेली होती हे बरंच झालं. मी समोरच्या पायरीवर बसले.

“नोंद ऐकलंय मी. फेब्रुवारीतली.”

त्याच्या हातातली सुई थांबली. “आवाज पण येता त्येच्यात?”

“येता.”

मग बोलू लागला तो खाली जाळ्याकडे बघतच. “दणको बसलो. माका काय एक दिसा नाय, हात लांब केलंय तर हात दिसा नाय असा धुका. लाल लागलो. पोरांका खाली धाडलंय पाणी बघूक. मी एकटो सुकाणूर. आणि ता सुरू झाला. टकटक. बाबल सांगी तसाच. मयुरी, माका बाबा दिसले गो. आता ही फुटतली, आता चार घरां बसतली माझ्यामुळे. तरी थांबलंय मी, जरा थांबलंय. मगे नाय धीर झालो. इंजिन दिलंय.”

“आणि ओंडका?”

“तेवा ओंडकोच वाटलो. देवाशपथ.” त्याने पहिल्यांदा वर बघितलं. “सांजेक विलास इलो नाय म्हणान कळला. तेवापासून झोप नाय माका. त्येंका सगळ्यांका मीच घेवन गेलंय थय. त्याच जागेर. पाणी बघीत बसलंय तीन दिवस.”

तो रडत नव्हता. रडला असता तर मला सोपं झालं असतं.

“माका एक सांग. तुका कळता त्यातला, माका नाय कळणा. ती टकटक कसली होती? थर सुटी होते मा?”

साऱ्या आयुष्यात दादाने मला असं कधी काही मागितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, शाळा सोडून दुसऱ्याच्या होडीवर गेला, म्हणून मी शिकले. हा हुद्दा, ही खोली, तो पासवर्ड, सगळं त्याच्या घामाचं. मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे.

“थरच होते दादा,” मी म्हटलं. “आकडो सत्तरार गेललो. आणखी पाच मिनटां थांबलं असतंस तर होडी उघडली असती.”

त्याने डोळे मिटले. छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर आला, की चार महिने तो कोंडूनच ठेवला असावा. “मगे मी बरोबर केलंय,” तो म्हणाला. “विलास खंय दुसरीकडे गेलो असतलो. त्येचा इंजिन बंद पडला असतला.” मग उठून तो आत गेला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला म्हणाला, बस, माशाची कढी आसा, जेवन जा. मी जेवले. त्याने दोनदा भात घेतला. ते बघून मी ठरवलं की उद्या सकाळी ‘वगळा’ दाबायचं. कुणाचं काय बिघडणार होतं? गेलेला माणूस तर परत येत नव्हता.

सकाळी खोली उघडली तर पायरीवर पूर्वा बसलेली. विलासची बायको. शाळेत माझ्याच बाकावर असायची, गणितात माझं बघून लिहायची आणि मला निबंध लिहून द्यायची. गळ्यात मंगळसूत्र, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत विलासचा फोटो छापलेले शंभर कागद.

“माका एक चिठी लिवन दी इंग्रजीत,” ती म्हणाली. “कारवारच्या नि मालप्याच्या बंदराक. उद्याच्या गाडयेन जातंय.”

“कारवारला? कशाला?”

“देवीक कौल लावलंय. उजवो दिलो. जितो आसा म्हणता देवी.” तिच्या तोंडावर इतका उजेड होता की मला बघवेना. “प्रवाह दक्षिणेक ओढता त्या दिसांत, शाळेतले मास्तर पण म्हणाले. इंजिन बंद पडला असतला आणि व्हावत गेलो असतलो. थयल्या खलाशांनी उचललो असतलो. कानडी येणा नाय त्येका, डोक्याक मार लागललो असलो तर नाव तरी कसा सांगतलो? मी सगळी बंदरां बघतलंय. सासू म्हणता सात वर्सां वाट बघूक व्हयी, मगे सरकार मेलो म्हणान लिवता. माका तो कागदच नुको. मी त्येका घेवनच येतलंय.”

दादाने कालच म्हटलं होतं, त्येचा इंजिन बंद पडला असतला. दोघांच्या तोंडात एकच वाक्य. त्याला ते मी दिलं होतं, आणि हिला मी देऊ शकत होते. चिठ्ठी लिहायला दहा मिनिटं लागली असती. मग ती कारवार, मालपे, मंगळूर, कोची करत फिरली असती, एकेका बंदरात उतरून एकेका खलाशासमोर फोटो धरत, पस्तिशीची होईपर्यंत, चाळिशीची होईपर्यंत. मी अडतीस आणि साठ यांच्यामध्ये कितीतरी आकडे बघितले आहेत. पण माणसाची मर्यादा कितीवर ठेवायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

“पूर्वा, आत ये,” मी म्हटलं.

तिला खुर्चीवर बसवलं. आधी सगळं सांगितलं, अगदी सरळ, ओळीने. धुकं, दणका, ‘सातेरी’. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. किंचाळेल, माझा गळा धरेल, असं वाटत होतं. तिने फक्त पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“आवाज आसा म्हणतंस?”

“हा. पण तू ऐकू नको.”

“लाव.”

मी लावला. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पडद्यावर ठोके ठिपक्यांसारखे उमटत होते. मला ऐकू येत नव्हतं, तरी प्रत्येक ठिपका कुठे येणार ते मला पाठ झालं होतं. ती ओठ हलवत मोजत होती. साडेतीन मिनिटांनी इंजिनाची रेघ वर उसळली, आणि त्या रेघेच्या पोटातही ठिपके होते. चौदा. आधीपेक्षा भराभर, मागे मागे सरकत, वऱ्यापर्यंत. काल मी ते मोजले होते आणि स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

पूर्वाने हेडफोन काढला.

“इंजिन लागल्यार पण तो ठोकी होतो.”

“हो.”

“नागेशदादान ऐकलो नाय?”

“त्येका वाटला होडी फुटता. लाल लागललो. बाबल सांगायचा ना, फुटायच्या आधी...”

“फुटली होती काय?”

इथे मी थांबले असते तर चाललं असतं. अहवाल इंग्रजीत असतो, तिला आकड्यांतलं काही कळलं नसतं, आणि दादाचा दोष तिने त्या लाल दिव्यावर टाकला असता. थोडासा देवावरही.

“नव्हती फुटली,” मी म्हणाले. “दिवसभर थांबली असती तरी काही झालं नसतं. अडतीस आकडा. लाल साठाला लागतो. ‘सातेरी’चा मी पस्तिसावर आणला होता. माझ्या हाताने. दादा परत यावा म्हणून. हिरवा असता तर तो थांबला असता, वाकून बघितलं असतं. त्याने विलासला वर घेतलं असतं.”

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

“तुझो भाव इलो मा घरी?” तिने विचारलं.

“आला.”

“बरां झाला,” पूर्वा म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. बाजारात भेटल्यावर बोलावं तसं ती बोलली. ते ‘बरां झाला’ मी मरेपर्यंत ऐकणार आहे.

मी तिच्या समोरच ‘अहवाल पाठवा’ दाबलं. मर्यादा ३५, इजा ३८, बाह्य थरावरील मानवी स्पर्श, कालावधी, जागा, सगळं. नियमाप्रमाणे प्रत मुख्य कचेरीला जाते, पोलिसांना जाते आणि होडीच्या तांडेलाला त्याच्या फोनवर, मराठीत. ‘तुमच्या होडीच्या कवचास धोका नव्हता’ असं पहिलंच वाक्य असतं. लोकांना धीर वाटावा म्हणून ते तसं लिहिलेलं आहे.

“ह्या माका परत लावन दी,” पूर्वा म्हणाली. “आणि तू भायर जा.”

मी तिला कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. वाळूवर होड्या ओळीने उपड्या पडल्या होत्या. माणसं जाळी शिवत होती, हसत होती, कुणीतरी मला हाक मारून चहाला बोलावलं. मी हात हलवून नाही म्हटलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. दार उघडलं नाही. खिडकीतून बघितलं तर पडद्यावरची रेघ पुन्हा डावीकडे, सहा वाजून बारा मिनिटांवर गेली होती आणि पूर्वाचे ओठ हलत होते.

मी वळले. पलीकडून, होड्यांच्या रांगेतून, नागेशदादा माझ्याकडे चालत येत होता. पायात चप्पल नव्हती. फोन त्याने हातात असा धरला होता, की पडदा माझ्याकडे होता.